दाविद स्ट्यूरमन यांच्यावरची संगीतिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण आफ्रिकेतले खोइखोई पुढारी दाविद स्ट्यूरमन यांच्या आयुष्यावर मराठीत संगीतिका लिहू, बसवू किंवा नीट समजून घेऊ पाहणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इतिहासाचे प्रश्न आधी आहेत, तालमीतले नंतर आणि अडचणीचे शेवटी.

1. दाविद स्ट्यूरमन कोण? थोडक्यात सांगा.

जन्म साधारण 1773चा, आजच्या ईस्टर्न केप प्रांतातल्या गॅमतूस नदीच्या खोऱ्यातला. वसाहतीच्या हद्दीत शेवटपर्यंत स्वतंत्र राहिलेल्या खोइखोई वस्तीचे ते प्रमुख होते. ब्रिटिशांनी 1809मध्ये त्यांना पकडून केप टाउनजवळच्या रॉबेन बेटावर पाठवलं. तिथून ते दोनदा निसटले. 1823मध्ये त्यांना जन्मठेपेवर ऑस्ट्रेलियाला धाडलं आणि 1830मध्ये सिडनीच्या इस्पितळात त्यांचा मृत्यू झाला. 2021पासून पूर्वीच्या पोर्ट एलिझाबेथच्या, म्हणजे आताच्या गेबेर्हाच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे.

2. खोइसान, खोइखोई, सान, बुशमन: यातलं काय वापरायचं?

खोइखोई म्हणजे गुरं आणि जाड शेपटीच्या मेंढ्या पाळणारे, सान म्हणजे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे. 'खोइसान' हा दोघांना मिळून दिलेला शब्द विसाव्या शतकातला, अभ्यासकांनी घडवलेला. आज मात्र बरेच वंशज तो स्वतःची ओळख म्हणून अभिमानाने वापरतात. स्ट्यूरमन खोइखोई होते, म्हणून पात्रांच्या तोंडी 'खोइखोई' आणि जाहिरातीत, पुस्तिकेत 'खोइसान' असं ठेवलं तर गोंधळ होत नाही. 'हॉटेंटॉट' हा शब्द अपमानकारक आहे. 'बुशमन' काही सान लोक स्वतः वापरतात, पण बाहेरच्यांनी टाळावा. संवादात हे शब्द आणावेत का, हे प्रश्न 13मध्ये.

3. ते खरंच दरोडेखोर होते का? सरकारी कागदांत तर तसंच लिहिलंय.

संगीतिकेचा कणा याच प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून सविस्तर.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गॅमतूसच्या आसपासची कुरणं आणि पाणवठे डच शेतकऱ्यांनी ताब्यात घेतले होते. ज्यांची गुरं आणि जमीन गेली, ते त्याच जमिनीवर गडी म्हणून राबू लागले. 1799मध्ये हे गडी बंदुका आणि घोडे घेऊन मालकांना सोडून गेले. दाविद यांचे भाऊ क्लास स्ट्यूरमन त्यांचे म्होरके होते आणि शेजारच्या खोसा टोळ्या त्यांच्या सोबत होत्या. वाटेत भेटलेल्या जॉन बॅरो या ब्रिटिश अधिकाऱ्यासमोर क्लास यांनी एकच मागणी ठेवली: डचांनी आमच्या वाडवडिलांकडून हिसकावलेला मुलूख परत द्या. बॅरोने ती लिहून ठेवली आहे.

हे युद्ध 1803मध्ये थांबलं. तेव्हा केप वसाहतीवर काही काळ बटाव्हियन, म्हणजे डच, प्रजासत्ताकाचं राज्य होतं. गव्हर्नर यान्सेन्स यांनी गॅमतूसकाठी क्लास यांना जमीन दिली. थोड्याच दिवसांत रानरेड्याच्या शिकारीत क्लास गेले आणि वस्तीची जबाबदारी दाविद यांच्यावर आली.

1806मध्ये ब्रिटिश परत आले. 1 नोव्हेंबर 1809ला गव्हर्नर कॅलेडन यांचा कायदा आला. प्रत्येक खोइखोई माणसाचा ठावठिकाणा नोंदलेला हवा आणि हलायचं असेल तर पास हवा, असं त्यात होतं. बोलीभाषेत सांगायचं तर, मालक नसलेला खोइखोई माणूस कायद्याने भटक्या ठरला. पुढे 1812मध्ये आणखी एक कलम आलं: शेतकऱ्याच्या जमिनीवर वाढलेलं खोइखोई मूल आठ वर्षांचं झालं की दहा वर्षं त्याच शेतकऱ्याकडे बांधलेलं.

ठिणगी मात्र दोन गड्यांवरून पडली. कराराची मुदत संपली तरी मालक सोडेनात, म्हणून दोघे स्ट्यूरमन यांच्या वस्तीत निघून आले. शेतकरी हत्यारं घेऊन त्यांना न्यायला आले. स्ट्यूरमन यांनी माणसं उभी केली आणि त्या दोघांना दिलं नाही. उटेनहेगचा लँडड्रॉस्ट, म्हणजे जिल्ह्याचा दंडाधिकारी, जेकब कायलर याने मग त्यांना फसवून पकडलं. वस्ती मोडली आणि बायकामुलं आसपासच्या शेतांवर कामाला वाटून टाकली. जमीन पुढे कायलरलाच मिळाली, असं थॉमस प्रिंगल या स्कॉटिश कवी-पत्रकाराने लिहून ठेवलं आहे.

तेव्हा दरोडेखोर का, तर उत्तर क्रमातच आहे: आधी जमीन गेली, मग माणसं मालकांना बांधली गेली, मग मालकांना विरोध केला म्हणून आरोप झाला. पहिल्या अंकात हा क्रम उलटा केलात, पकडण्याच्या प्रसंगाने सुरुवात करून जमीन नंतर 'आठवण' म्हणून दाखवलीत, तर प्रेक्षक स्ट्यूरमन यांना गुन्हेगार म्हणूनच भेटतो आणि मग पुढचा तासभर त्याचं मन वळवण्यात जातो.

4. रॉबेन बेटावरून दोनदा पळाले, हे अतिशयोक्त तर नाही?

नाही. बेटावरून दोनदा निसटलेली एकमेव व्यक्ती म्हणूनच त्यांचं नाव घेतलं जातं. बेटाचा किनारा मुख्य भूमीपासून, ब्लाउबर्गच्या बाजूने, जेमतेम 7 किलोमीटर आहे. पण पाणी बर्फासारखं गार आणि लाटा खडकांवर आपटणाऱ्या. पहिल्यांदा, 1809 संपता संपता, ते होडीने निसटले आणि शेकडो किलोमीटर पूर्वेला खोसांच्या मुलखात पोहोचले. तिथे दहाएक वर्षं राहिले.

1819मध्ये ते पुन्हा सापडले. त्याच साली ग्रॅहम्सटाउन या ब्रिटिश ठाण्यावर चालून गेलेले खोसा द्रष्टे माखांडा हेही बेटावर कैदेत आले. 9 ऑगस्ट 1820ला कैद्यांनी पहारा मोडून बेटावरच्या व्हेल पकडणाऱ्यांच्या होड्या ताब्यात घेतल्या. किनाऱ्याजवळ लाटेत एक होडी उलटली आणि माखांडा बुडाले. त्यांचे लोक मात्र पुढे कित्येक वर्षं त्यांची वाट पाहत राहिले. स्ट्यूरमन किनाऱ्याला लागले, पण लवकरच पकडले गेले. त्यांचे साथीदार हान्स ट्रॉम्पेटर यांना मृत्युदंड झाला. स्ट्यूरमन वाचले, कारण पलायनाच्या धामधुमीत त्यांनी व्हेल पकडणाऱ्यांच्या अंगावर जाणाऱ्यांना आवरलं होतं, अशी साक्ष झाली.

हा तपशील कापू नका. धावपळ, आरडाओरडा आणि त्यात एक माणूस स्वतःच्याच माणसाचा उगारलेला हात धरतो. त्यांचा स्वभाव सांगायला आणखी दोन गाणी लागत नाहीत.

5. सिडनीत त्यांची कबर आहे का?

खूण उरलेली नाही. 'ब्रॅम्प्टन' जहाजाने ते 1823मध्ये तिथे पोहोचले, सरकारी मजूर म्हणून राबले आणि 1829मध्ये त्यांना सुटीचा परवाना मिळाला, म्हणजे वसाहतीतच राहून स्वतःचं काम करण्याची मुभा. त्यांना घरी आणावं म्हणून केपमधून खटपट चालू होती, पण ती फळाला येण्याआधीच ते गेले. पासचा जाच संपवणारा केपमधला पन्नासावा अध्यादेश 1828चा. तो निघाला तेव्हा ते सिडनीतच अडकलेले होते.

दफन डेव्हनशायर स्ट्रीटच्या दफनभूमीत झालं. 1901मध्ये ती हलवून तिथे सेंट्रल स्टेशन बांधलं गेलं. सिडनीतली मराठी मंडळी ज्या फलाटांवरून रोज गाडी पकडतात, तीच ही जागा. अस्थी सापडणं शक्य नव्हतं, म्हणून 2017मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या वंशजांनी आणि प्रतिनिधींनी सिडनीत विधी करून त्यांचा आत्मा मायदेशी नेला.

6. अशा विषयावर तिकडे आधी संगीतिका झाली आहे का?

हो. केपचे गायक-नाटककार डेव्हिड क्रेमर यांनी कूस सास यांच्यावर संगीतिका केली. पण सास यांची गोष्ट शंभर वर्षांनंतरची: मॉन्टेग्यू परिसरातला मेंढ्यांची चोरी आणि खुनाचा आरोप असलेला फरारी, 1922मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला आणि नंतर त्याची कवटी मॉन्टेग्यूच्या संग्रहालयात मांडली गेली. स्ट्यूरमन वस्तीचे प्रमुख होते, सास एकटे. दोन्ही गोष्टींचं मिश्रण करून एक 'प्रातिनिधिक बंडखोर' बनवू नका. एकाच्या आयुष्यात जमिनीचा लढा उघड दिसतो, तर दुसऱ्याच्या आयुष्यात जमीन जाऊन पिढ्या उलटलेल्या असतात.

7. हे आपल्या उमाजी नाईकांसारखंच नाही का? तुलना केली तर चालेल?

पुस्तिकेत करा, रंगमंचावर नको. काळ एकच आहे: उमाजी नाईक जन्मले 1791मध्ये आणि पुण्यात फाशी गेले 3 फेब्रुवारी 1832ला. रामोशांचे रखवालीचे परंपरागत हक्क कंपनी सरकारने काढून घेतले आणि त्यातून ते बंड उभं राहिलं. हक्क काढून घेणारा आणि 'दरोडेखोर' ठरवणारा एकच, हे साम्य खरं आहे.

फरक तितकाच खरा. उमाजींनी सत्तेला आव्हान देणारा जाहीरनामा काढला. स्ट्यूरमन यांची मागणी एका वस्तीपुरती होती: जमीन आणि कामाची मोकळीक. त्यांच्या तोंडी स्वराज्याची भाषा घातली, की गॅमतूसचं खोरं नकाशावरून पुसलं जातं आणि प्रेक्षक ओळखीच्या टाळ्या वाजवून घरी जातो. गॅमतूसची गोष्ट गॅमतूसचीच राहू द्या.

8. इतकं आयुष्य दोन अंकांत कसं बसवायचं?

पहिला अंक 1799 ते 1809: मुलुखाची मागणी, गॅमतूसची जमीन, भावाचा मृत्यू, दोन गडी, अटक, पहिलं पलायन. दुसरा अंक 1819 ते 1830: बेट, होड्या, खटला, सिडनी. मधली दहा वर्षं मध्यंतरात जाऊ द्या. मध्यंतर धरून सव्वादोन तास, 12 ते 14 गाणी आणि 12 कलाकार पुरतात, कारण खोसा, शेतकरी, शिपाई आणि कैदी हीच मंडळी आलटून पालटून होऊ शकतात.

बिघडतं ते सिडनीत. होड्यांच्या प्रसंगानंतर सात वर्षांची मजुरी रटाळ होईल या भीतीने लोक ती पाच मिनिटांत उरकतात. तसं करू नका. किमान वीस मिनिटं द्या, पण ताल काढून घ्या: पहिल्या अंकात सतत वाजणारे पाय इथे गप्प झाले, की जे हिरावलं गेलं ते ऐकू येतं.

9. संगीत कोणतं? केपची गाणी म्हणून 'गूमा' ढोल वापरला तर?

नको. गूमा केप टाउनच्या गुलाम वस्त्यांमधून आलेला, तिथल्या नववर्षाच्या मिरवणुकांचा ठेका आहे. गॅमतूस तिथून शेकडो किलोमीटरवर. खोइखोईंची स्वतःची वाद्यं पुरेशी आहेत.

पहिली, वेळूच्या बासऱ्यांचा ताफा. 1497च्या डिसेंबरमध्ये वास्को द गामाची माणसं आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, मोसेल बे इथे, होती तेव्हा त्यांच्यासमोर खोइखोईंनी चार-पाच बासऱ्या वाजवल्या, काही उंच स्वराच्या, काही खर्जातल्या. तीच गलबतं पुढच्या वर्षी कोझिकोडला लागली. प्रत्येक बासरीतून एकच स्वर निघतो. सुरावट तयार होते ती वाजवणाऱ्यांनी पाळीपाळीने फुंकल्यावर.

ताफा स्वस्तात बनतो. 15 ते 18 मिलिमीटर आतल्या व्यासाचा बांबू घ्या, एक टोक पेरावर बंद ठेवा, भोकं पाडू नका. पांढरी एकच्या सासाठी आतली लांबी साधारण 32 सेंटिमीटर, रेसाठी 28.5, गसाठी 25.5, पसाठी 21.5. बांबू एक सेंटिमीटर जास्तच कापा आणि तळाशी सुताचा बोळा काडीने वरखाली सरकवून सूर लावा. मूळ वाद्यंही अशीच बोळ्याने लावत. वातानुकूलित नाट्यगृहात सूर उतरतो, म्हणून बोळे प्रयोगाच्या जागीच, अर्धा तास आधी लावा.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, वाजवणारे शेजाऱ्याचा सूर ऐकून फुंकतात आणि प्रत्येक जण अर्धी मात्रा मागे पडतो. उपाय: आधी फक्त पावलं बसवा, आपला सूर कितव्या पावलावर आहे हे पायाला पाठ होऊ द्या, मगच बासरी हातात द्या. दोन, हेच चार स्वर मराठी कानाला भूपाची आठवण करून देतात आणि संगीतकार नकळत आलाप घालू लागतो. मींड आणि आलाप या ताफ्यात पूर्ण बंद ठेवा.

दुसरं वाद्य 'गोरा': धनुष्याच्या तारेला पिसाचा चपटा तुकडा जोडलेला असतो आणि त्यावर श्वास आतबाहेर करून वाजवतात. हे महिना-दोन महिन्यांत येत नाही. कलाकार नसेल तर नाटकातून वगळा, सिंथेसायझरवर नक्कल करू नका. तिसरं रॅमकी, त्याचं पुढे.

10. रॅमकी कशी बनवायची?

तीन-चार तारांचं, गिटारच्या जातीचं वाद्य. मलबारहून आणलेल्या गुलामांनी ते केपला नेलं, असं अठराव्या शतकातल्या एका जर्मन लेखकाने नोंदवलं आहे. म्हणजे या वाद्याची एक वाट भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून गेली.

तेलाच्या डब्याची रॅमकी नंतरच्या काळातली. 1800 सालच्या दृश्यासाठी भोपळा लागतो. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर तंबोऱ्यासाठी जो वाळवलेला भोपळा वापरतात, त्यातला 20 ते 25 सेंटिमीटर व्यासाचा लहान भोपळा मागा. तो अर्धा कापा, तोंडावर बकऱ्याचं पातळ चामडं ओलं असताना ताणून बांधा आणि दोन दिवस सावलीत वाळवा. 75 सेंटिमीटर लांब, 4 रुंद, 2 जाड अशी सागाची पट्टी भोपळ्याच्या आरपार न्या, नुसती कडेला चिकटवू नका, नाहीतर ताणाने सांधा सुटतो. घोडी ते मेरू, म्हणजे तारेच्या खालच्या टेकूपासून वरच्या टेकूपर्यंत, अंतर 58 ते 60 सेंटिमीटर. मूळची तार आतड्याची, तुम्ही 0.7, 0.8 आणि 1 मिलिमीटरचा नायलॉन वापरा. धातूची तार लावली तर चामडं घोडीखाली खचतं.

पावसाळ्यात चामडं ढिलं पडून आवाज बसतो. डफ शेकतो तसं लांबून शेका, पण भोपळ्याला आच लागू देऊ नका, तडकतो. जून ते सप्टेंबर प्रयोग असतील तर चामड्याऐवजी कृत्रिम पान लावलेली दुसरी रॅमकी तयार ठेवा.

11. ते 'टक्-टक्' आवाज कलाकारांना कसे शिकवायचे?

खोइखोई भाषेत चार मूळ चटकारे आहेत. दातांमागचा तुम्हाला येतोच, हळहळताना आपण चुकचुकतो तोच. गालाच्या कडेचा म्हणजे घोड्याला हाकताना काढतात तो. तिसऱ्यासाठी जिभेचं टोक हिरड्यांमागे दाबून खाली सोडा, बाटलीचं बूच निघाल्यासारखा पोकळ आवाज येतो. चौथ्यात जीभ टाळूला सपाट लागते आणि आवाज कोरडा, धारदार येतो.

हे चटकारे व्यंजन आहेत, शब्दाच्या आत येतात. सुटा चटकारा आणि मग शब्द, असं म्हटलं की ते विनोदी वाटतं आणि प्रेक्षक हसतो. रोज दहा मिनिटं: आधी नुसता चटकारा, मग त्याला 'आ' जोडून, मग दोन स्वरांच्या मध्ये. तीन आठवड्यांत बसतो. संहितेत प्रत्येकाला एक चिन्ह ठरवा आणि पहिल्या पानावर त्याची यादी द्या. ध्वनिसंयोजकाला आधी सांगा: तिसरा चटकारा कॉलर माइकवर फाटतो, लिमिटर लावावा लागतो.

गॅमतूसची खोइखोई बोली आज कुणी बोलत नाही. तिची सख्खी नातलग नामा नामिबियात जिवंत आहे, म्हणून शब्द नामातून घ्या आणि पुस्तिकेत तसं लिहा. सगळी संहिता या शब्दांनी भरू नका. हाका, नावं आणि एका गाण्याचं पालुपद पुरे.

12. रील नाच आणि पोशाख: नेटवर दिसतात तसेच घ्यायचे का?

नाच घ्या, पोशाख नको. रील हा तिकडच्या खोइसान वंशजांचा जलद पायांचा नाच. त्यात गुडघे सैल, कंबरेवरचा भाग जवळजवळ स्थिर आणि पाय इतके जलद की धुरळा उडतो. 2006पासून तिकडे रीलच्या मोठ्या स्पर्धा होतात, त्यामुळे पाहायला भरपूर मिळतं. पण तिथली पिसं खोवलेली हॅट, गॅलिस आणि जाकीट हा विसाव्या शतकातल्या शेतमजुरांचा पोशाख आहे.

1800च्या आसपास मेंढीच्या कातड्याची शाल, चामड्याची विजार, मालकाचा जुना सदरा आणि हातात बंदूक असं मिश्रण होतं. सगळ्यांना कातडी नेसवून हाती भाले देणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. हे लोक घोड्यावर बसून गोळी झाडणारे होते आणि वसाहतीला भीती त्याचीच वाटली होती.

धुरळ्यासाठी मुलतानी माती किंवा पावडर उडवू नका. गाणाऱ्याच्या घशात जाते आणि फरशी निसरडी होते. 2 मीटर बाय 2 मीटरची उथळ लाकडी चौकट करून त्यात दोन बोटं जाड, धुतलेली भरड वाळू घाला, खाली माइक ठेवा आणि दिवा जमिनीलगत बाजूने मारा. धुरळा दिसला नाही तरी पायांचा आवाज काम करतो.

13. त्या काळचे अपमानकारक शब्द संवादात वापरू का? आणि कलाकारांचा रंग?

शब्द फक्त सत्तेच्या पात्रांच्या तोंडी, फक्त कागद वाचताना: हुकूम, आरोपपत्र, पास. तिथे ते कायद्याची भाषा म्हणून ऐकू येतात. गप्पांत किंवा विनोदात आले की प्रेक्षक ते शब्द उचलतो.

रंग अजिबात फासू नका, कोणत्याही कारणासाठी. प्रेक्षकाला पात्र कळायला गाणं, पावलं आणि नातं पुरतं. चेहरा काळा करणं म्हणजे ज्या नजरेने या लोकांना नमुना म्हणून पाहिलं तीच नजर पुन्हा लावणं. सारा बार्टमन या खोइखोई स्त्रीला युरोपात तसंच मांडलं होतं. त्या 9 ऑगस्ट 2002ला याच गॅमतूस खोऱ्यात, हँकीला, मातीत विसावल्या.

14. परवानग्या कोणत्या लागतात?

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तारीख जाहीर करण्याआधी पाठवा. चटकाऱ्यांची चिन्हं आणि परभाषेतल्या ओळींचा मराठी अर्थ त्याच प्रतीत द्या, नाहीतर खुलासा मागवला जातो आणि वेळ जातो.

इतिहासातल्या व्यक्तीवर लिहायला कॉपीराइटची अडचण नाही. आजच्या गाण्यांच्या, ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत आहे. 'पारंपरिक' असा शिक्का असलेलं ध्वनिमुद्रणही कुणाच्या तरी मालकीचं असतं. शिवाय कायद्यापलीकडचं एक बंधन पाळा: दक्षिण आफ्रिकेतल्या सान समाजाने 2017मध्ये स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेली प्रक्रिया ही तिची सूत्रं. ती संशोधकांसाठी असली तरी नाटकवाल्यांना तशीच लागू पडते. विधींची गाणी घेऊ नका, संहितेचा सारांश तिकडच्या खोइसान संघटनांना आधी पाठवा आणि त्यांची दुरुस्ती आली तर पुढच्या प्रयोगापासून करा.

15. स्ट्यूरमन यांचे संवाद काल्पनिक लिहिले तर ते इतिहासाशी खोटं ठरतं का?

नाही, पण हद्द स्पष्ट ठेवा. क्लास यांची मागणी (प्रश्न 3) नोंदलेली आहे, ती ओळ फुगवू नका, आहे तशी गाण्यात घ्या. कायद्याची कलमं आणि तारखा बदलू नका. घरातलं बोलणं, होडीतली कुजबुज, सिडनीतली रात्र तुमची. ज्यांना शेतांवर वाटून टाकलं त्या बायकामुलांना कागदांत आवाजच नाही. तिथे कल्पनाच लागते आणि सगळ्यात चांगलं गाणं तिथेच लिहा. कोणती गाणी नोंदींवर उभी आहेत आणि कोणती तुमची, एवढी दोन ओळींची टीप पुस्तिकेत श्रेयनामावलीच्या आधी छापा.